गळ्यातलं नाव

सकाळी आठला झेंडा वर चढत होता. अंगणात चारशे पोरं आणि तीसेक शिक्षक खांबासारखे स्तब्ध उभे होते, आणि नेमकी त्याच वेळी रोवेनाची नजर शेजारी उभ्या असलेल्या तुकच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर पडली. फोटो तोच. तेच गोल तोंड, भांग तसाच एका बाजूला, हनुवटीखालचा तीळही जागच्या जागी. फोटोखालचं नाव मात्र दुसरं. बँकॉकला येऊन दोन वर्षं झाली तरी रोवेनाला थाई वाचता येत होतं ते तिच्या शिशुवर्गातल्या पोरांइतकंच, एकेक अक्षर ओठांत घोळवत. पण तुकचं जुनं नाव तिला पाठ होतं. हजेरीच्या वहीवर दोघींची नावं एकाखाली एक असत; वर इंग्रजीची शिक्षिका म्हणून हिचं, रोवेना दिमायुगा, आणि खाली मदतनीस म्हणून तिचं, सुनी. दोन घासांत संपणारं साधं नाव. तुक हे नुसतं घरातलं हाक मारायचं नाव, जसं रोवेनाला तिच्या गावचे सगळे वेंग म्हणत. आता सुनीच्या जागी एक लांबलचक, वर-खाली वेलांट्या फुटलेलं नाव येऊन बसलं होतं. राष्ट्रगीत चालू असताना वेंगनं ते मनात जुळवलं. पि-च-या-पा. वाचण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा जुळवलं, तर पुन्हा तेच. गीत संपलं, अंगण एकदम हललं, आणि तुकनं तिच्याकडे बघून रोजच्यासारखं हसून हात जोडले. वेंगनंही जोडले. पण मनात कुठंतरी काडी मोडल्यासारखा आवाज झाला होता.

वर्गाच्या दाराशी पोरांचे बूट एका रांगेत लावत तुक वाकली तेव्हा वेंग म्हणाली, "पी-तुक, नवीन ओळखपत्र?" तुक तिच्याहून सात-आठ वर्षांनी थोरली, म्हणून नावाआधी 'पी', ताई, लावायचं हे तिनं पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलं होतं. तुकनं पटकन तळव्यानं ते ओळखपत्र झाकलं. लाजली की दचकली, ते वेंगला कळलं नाही. "हो गं, नवीन," ती म्हणाली, आणि लगेच दोन बुटांची अदलाबदल करत, "हा बघ डावा, हा बघ उजवा, रोज उलटं घालून येतंय हे पोरगं," असं म्हणून आत गेली. बस, एवढंच. माणसानं एखादी गोष्ट झाकली की दुसऱ्या माणसाला ती सोन्याची तरी वाटते नाहीतर चोरीची तरी. वेंगला सोन्याची वाटली नाही. हजेरीची वही उघडली तर तिथंही 'सुनी'वर पट्टीनं सरळ रेघ मारलेली आणि वर बारीक अक्षरात ते नवं लांब नाव. रेघ इतकी सरळ होती की तिला त्या सरळपणाचीच भीती वाटली. चोवीस पोरं एका सुरात "गुड मॉर्निंग, टीचर वेंग" म्हणाली, आणि ती प्रत्येकाचं नाव घेत असताना तुक मागं दुधाच्या पेल्यांवर झाकणं ठेवत गुणगुणत होती. ही कोण? गेली दोन वर्षं दुपारी पोरं निजवताना जिच्या मांडीवर एक डोकं, दंडावर दुसरं डोकं असतं, ती कोण आहे?

वेंगच्या गावी नाव बदलायची चाल नव्हती. देवळात बाप्तिस्म्याच्या वेळी डोक्यावर पाणी पडतं आणि नाव पडतं, ते पाणी पुसता येतं, नाव नाही. शेवटच्या दिवशी देव त्याच नावानं हाक मारणार, मग मधेच बदलून त्याला कोड्यात कशाला टाकायचं, असं तिची आई म्हणे. आणि ज्यांनी बदललं त्यांच्यापैकी एकालाच ती ओळखत होती. तो तिचा बाप. फिलिपिन्समधल्या बातांगास प्रांतात, त्यांच्या लेमेरी गावी, ईस्टरच्या आधीच्या दुःखसहनाच्या आठवड्यात झावळ्यांचा मांडव घालून ख्रिस्ताची सगळी कथा गाऊन म्हणायची रीत होती. पाच-पाच ओळींची कडवी, एका बाजूनं बायका घेत, दुसऱ्या बाजूनं पुरुष. गाणारं दमलं की दुसरं बसे, पण गाणं तुटू द्यायचं नाही. ऐकता ऐकता म्हाताऱ्यांचे डोळे भरत, पोरं पेंगत, कढईत भात शिजे, आणि कुणाला वेगळं शिकवायची गरजच पडत नसे. कथाच माणसाला धुऊन काढी. वेंग अकरा वर्षांची होती. गुरुवारची दुपार. आई मांडवात मध्ये बसून गात होती. वडील, रोहेल्यो, बेटाबेटांत फिरणाऱ्या बोटीवर आचारी, महिन्यातून दहा दिवस घरी. त्या दिवशी नव्हते. एक परकी बाई मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. कमरेवर मूल, हातात फोटो. इलोइलोची, लांबच्या दुसऱ्या बेटावरची होती. तिनं शेजारणीला फोटो दाखवून विचारलं, दानिलो इथंच राहतो का? शेजारीण फोटोकडे बघत राहिली, मग आईकडे. फोटोत रोहेल्यो होता, नव्या शर्टात, त्या बाईच्या खांद्यावर हात टाकून. आईनं फोटो पाहिला. पण कडवं अर्ध्यावर होतं. तिनं ते पाचव्या ओळीपर्यंत पुरं गायलं, स्वर जराही न हलवता, आणि मग पुस्तक पुढच्या बाईच्या मांडीवर ठेवून उठली. त्या दिवसानंतर घरात कुणी वडिलांना नावानं हाक मारली नाही. कुठल्या नावानं मारायची? आणि आईनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणून मुलीनंही नावाबद्दल कधी कुणाला काही विचारायचं नसतं असंच धरून ठेवलं.

म्हणून तिनं तुकला पुन्हा विचारलं नाही. ती नुसती बघू लागली. बघायला लागलं की दिसतंच. तुक मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन फोनवर बोलायची ते शाळेतलं थाई नव्हतं, गावाकडची कुठली तरी बोली. वेंग जवळून गेली की आवाज खाली यायचा. मागच्या महिन्यात ती दोनदा "कचेरीत काम आहे" म्हणून अर्धा दिवस गेली होती. शिक्षकांच्या खोलीत बायकांनी तिचे हात धरून काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या, आणि वेंग आत आली तेव्हाही हसतच होत्या. फक्त हसणं जरा बदललं. एके दिवशी तुकनं सगळ्यांना केळीच्या पानातला गोड चिकट भात वाटला. कशाबद्दल, असं वेंगनं खुणेनं विचारलं, तर म्हणाली, "चांगलं व्हावं म्हणून." कुणाचं चांगलं? संध्याकाळी खोलीवर जाताना भाड्याच्या मोटारसायकलवरचा नारिंगी बंडीतला माणूस तिला मागं बसवून रोजच्यासारखा काही न विचारता तिच्या गल्लीत वळला, आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, ह्याला माझं घर पाठ आहे. ह्या शहराला माझं सगळं पाठ आहे. दर नव्वद दिवसांनी परदेशी माणसांच्या कचेरीत जाऊन, मी अजून तीच आहे, अजून तिथंच राहते, असं लिहून द्यायचं. पारपत्र, फोटो, मालकिणीची सही, शाळेचं पत्र. एक अक्षर चुकलं तर खिडकीतली मुलगी गोड हसून कागद परत करते. आणि इथली एक बाई मात्र सोमवारी सुनी असते आणि पुढच्या सोमवारी पिचयापा. संशयात थोडा हेवाही मिसळला होता, हे वेंगला कळत होतं. कबूल करवत नव्हतं.

रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या मागच्या पडवीत फिलिपिनो मंडळी जमली. मेर्ली तिथं होती. बँकॉकच्या शाळांत अकरा वर्षं काढलेली, जाडजूड, तोंडाळ, सगळ्यांची आते. आते म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण. "काय गं वेंग, चेहरा असा का? पाद्रीबाबांचा उपदेश लागला की काय?"

"आते, इथल्या शाळा माणसं ठेवताना कागद नीट बघतात का गं?"

"आपले? आपले तर दात मोजतात घोड्यासारखे. गोऱ्याला दारातच हार, आणि आपल्याला, बाई, तुमचा उच्चार जरा म्हणून दाखवा!"

"आपले नाहीत. त्यांचे स्वतःचे."

"ते त्यांचं ते बघतील. तुला कशाला उठाठेव?" मेर्लीनं शेवयांची ताटली तिच्यापुढं सरकवली. "ऐक माझं. इथं टिकायचं असेल तर आवाज चढवायचा नाही, बोट दाखवायचं नाही, तोंडावर नको म्हणायचं नाही. जे सांगायचं ते गोड बोलून, आडून सांगायचं. मी पहिल्या वर्षी भांडले, दुसऱ्या वर्षी दुसरी शाळा शोधावी लागली. आता मी इतकी गोड झालेय की मलाच मुंग्या लागतील." सगळे हसले. वेंगही हसली. नाव बदलल्याचं सांगावं असं जिभेच्या टोकावर आलं, पण तिथं मांडवाच्या कडेला उभी असलेली ती बाई, तो फोटो, आणि आईचं न मोडलेलं कडवं आडवं आलं. ती म्हणाली, "शेवया छान झाल्यात."

बुधवारी मुख्याध्यापिकांनी तिला चहाला बोलावलं. खुन रत्ना, म्हणजे रत्नाबाई. खुन हा तिथला मान. साठीच्या, रेशमी ब्लाऊज, टेबलावर जाईचे गजरे. वर्ष संपत आलं होतं, त्या प्रत्येक परदेशी शिक्षकाला एकेकदा बोलावत. "तुमचं सगळं ठीक ना, टीचर?"

"सगळं छान आहे, खुन रत्ना." वेंगनं कप दोन्ही हातांनी धरला. मेर्लीचं आठवून आवाज अगदी खाली आणला. "एक आपलं असंच विचारायचं होतं. लहान पोरांच्या वर्गात जे माणूस येतं, त्याचे कागद शाळेनं बघितलेले असतात ना?"

खुन रत्नांनी कप बशीत ठेवला. "तुमच्या वर्गातलं माणूस?"

"नाही नाही, असंच. पी-तुक फार मायाळू आहेत. पोरांना त्यांचा लळा आहे. मी आपलं असंच विचारलं."

"असंच," खुन रत्ना म्हणाल्या, आणि बराच वेळ हसऱ्या चेहऱ्यानं तिच्याकडे बघत राहिल्या. "कळलं, टीचर. अगदी कळलं." मग त्यांनी तिच्या आईची चौकशी केली आणि एक गजरा तिच्या हातात दिला. जिना उतरताना वेंगला हलकं वाटलं. कुणावर आरोप केला नव्हता. नाव घेतलं ते स्तुती करायला घेतलं. ज्याचं काम त्याच्या कानावर घातलं, आता ते बघतील. खरं असेल तर खरं निघेल. इथं कसं वागावं ते आपल्याला जमू लागलं, असंही तिला वाटून गेलं, आणि त्या वाटण्याची चव शिळ्या शेवयांसारखी तोंडात राहिली.

सोमवारी वर्गात तुक नव्हती. तिच्या जागी एक लुकडी, नुकतीच कॉलेजातून निघालेली मुलगी दूध वाटत होती आणि सांडत होती. वेंगला पहिल्यांदा जे वाटलं ते बरं वाटलं. हे तिनं नंतर देवापुढं तसंच सांगितलं, लपवलं नाही: पहिल्यांदा मला बरं वाटलं. सापडली एकदाची, असं मनात आलं. मग दुपारी पोरं निजेनात. एक हुंदका कोपऱ्यातून आला, त्याला दुसऱ्यानं साथ दिली, आणि बघता बघता साऱ्या चटया रडू लागल्या. नवी मुलगी कानांवर हात ठेवून उभी राहिली. वेंग बाहेर सूचनांच्या फळ्यावर लागलेला बदल्यांचा कागद वाचायला गेली. पुन्हा अक्षर अक्षर जुळवलं. पिचयापा. शिशुवर्गातून स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरात? खोटे कागद असलेल्या बाईला पोरांच्या जेवणात कोण ठेवतं?

ती तशीच खुन रत्नांच्या खोलीत गेली. "त्यांच्या कागदांत काही निघालं का?"

"कशात?" खुन रत्नांना खरंच कळलं नाही. मग हसू आलं. "नावाचं म्हणताय? अहो, ते तर तिनं मला विचारून बदललं. मंदिरातल्या भिक्षूंनी काढून दिलं, जिल्हा कचेरीत नोंद झाली. माझ्या भाचीनं दोनदा बदललंय. पहिलं लागलं नाही, दुसऱ्यानं मुलगा झाला. घरात अडचणी आल्या की आमच्यात बदलतात."

"मग तिला वर्गातून काढलं का?"

"तुम्हीच म्हणालात ना."

"मी?"

"तुम्ही आधी कागदांचं विचारलंत, आणि लगेच तिची स्तुती केलीत." खुन रत्ना मायेनं पुढं झुकल्या. "माणूस नकोसं झालं की आम्ही असंच सांगतो, टीचर. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मागचे ते गोरे सर दारातूनच ओरडायचे, मला ही नको, मला तो नको. साऱ्या शाळेला ऐकू जायचं. तुम्ही किती सांभाळून बोललात. मी घरी पण सांगितलं, आमच्या टीचर वेंग अगदी आमच्यातल्या झाल्या."

दोन वर्षं ती ह्या शहराकडून जे ऐकायची वाट बघत होती, ते हेच. वेंग म्हणाली, "परत घ्या तिला. माझी चूक झाली. मला तसं म्हणायचंच नव्हतं."

खुन रत्नांचं हसू तसंच राहिलं, त्याच्या मागचं दार मात्र लागलं. "कागद लागलाय फळ्यावर. आज परत आणलं तर सगळे विचारतील, पाठवलं का होतं? तिला कमीपणा, तुम्हाला कमीपणा. राहू दे. सुट्टी संपू दे, मग बघू." 'मग बघू' म्हणजे काय हे वेंगला आता कुणी सांगायला नको होतं.

स्वयंपाकघर अंगणाच्या मागं, पत्र्याखाली. तुक मोरीशी बुटक्या स्टुलावर बसून नाळीच्या भाजीचा ढीग निवडत होती. जून देठ एका बाजूला, कोवळे शेंडे टोपलीत. पायांत रबरी लांब बूट. तिला झाडूपासून वर्गापर्यंत यायला सहा वर्षं लागली होती, हे तिनंच एकदा मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी वर्गात घालायला तिनं बहिणीचा ब्लाऊज उसना आणला होता. वेंगला बघून तिचा चेहरा उजळला. "ये ये, सांभाळून, निसरडं आहे. निजली का गं पोरं? तो बारका पाठ थोपटल्याशिवाय निजत नाही, त्या नव्या मुलीला सांग."

"सांगते."

"बघ माझं नशीब!" तुक हसून म्हणाली, आणि ते हसू इतकं उघडं होतं की वेंगनं मान खाली घातली. "चार महिन्यांत आईची वाचा गेली, नवरा मोटारसायकलवरून पडला, घरात पाणी शिरलं. भिक्षू म्हणाले, तुझा जन्म रविवारचा, रविवारच्या माणसाला 'स' बाधतो, तुझं नावच 'स'नं सुरू. म्हणून एवढं मोठं नाव घेतलं. मला तर सांगायची लाज वाटायची गं, हे असलं राजकन्येचं नाव, आणि मी अशी! सगळ्यांना भात वाटला. आणि पुरता महिना झाला नाही तर ही मोरी. हेही नाव लागलं नाही मला. भिक्षू म्हातारे झालेत, हिशेब चुकला असेल. गुरुवारी जाते परत. आईनं खुणेनं विचारलं काल, वर्गातल्या पोरांचं सांग म्हणून. काय सांगू तिला?"

वेंग उभीच होती. किती सोपं होतं. सगळा दोष त्या नावावर गेला होता, आणि नाव काही बोलणार नव्हतं. गुरुवारी तिसरं नाव येईल, चौथं येईल, तुक आयुष्यभर अक्षरं बदलत राहील, दोघींची मैत्री तशीच राहील, आणि शाळेत सगळे म्हणतील, वेंग आमच्यातली. तिनं तोंड उघडलं तेव्हा काय निघणार ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"नाव चुकलं नाही, पी-तुक. मी सांगितलं खुन रत्नांना."

"काय सांगितलंस?"

"तुमचे कागद खरे आहेत का, विचारलं."

तुकचे हात थांबले. नळ वाहत होता. "माझे? का?"

"नाव बदललेलं दिसलं. मला वाटलं, तुम्ही दुसरंच कुणी आहात. भीती वाटली."

"मला विचारायचं होतंस."

"हो."

"दोन वर्षं एका डब्यात जेवलो आपण."

"हो." थोरल्या बहिणीपुढं करतात तसे तिनं हात जोडले आणि मान अगदी खाली नेली. "माझं चुकलं. नाव बदलू नका. नाव चांगलं आहे."

तुक रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती वेंगकडे बघत राहिली, आधी तोंडाकडे, मग जोडलेल्या हातांकडे, मग मागं अंगणात कुणी उभं आहे का तिकडे. काहीतरी मोजल्यासारखं. "मग आता हे मला का सांगताय तुम्ही?" ती हळू आवाजात म्हणाली. तिच्या तोंडी 'तुम्ही' वेंगनं पहिल्यांदाच ऐकलं. "खुन रत्नांनी पाठवलं का?"

"नाही. शपथ."

"तुम्हाला काय हवंय माझ्याकडून?"

"काही नको."

"काही नको," तुकनं तिचे शब्द उचलले, आणि सभ्यपणे हसली. दारातल्या पाहुण्याला हसतात तसं. "इथं ओलं आहे, टीचर. तुमचे कपडे भिजतील."

वेंग गेली नाही. तिनं स्कर्ट गुडघ्यापर्यंत ओढून घेतला, मोरीच्या कडेशी ओल्या फरशीवर बसली आणि ढिगातून एक जुडी उचलली. दोघी निवडू लागल्या. देठ मोडल्याचा बारीक आवाज, नळाचं पाणी, लांबून वर्गातलं रडणं. वेंग शेंडा मोडून टोपलीत टाकी. तुक तो टोपलीतून पुन्हा उचली, उजेडाकडे धरून उलटा-सुलटा बघे, आणि मगच ठेवी.